‘नंतर येतो’ म्हणणारी गिऱ्हाइकं

बारावीच्या वर्षी आमच्या कॉलेजला स्वातंत्र्याचा झटका आला. प्रत्येकाने स्वतःचा विषय निवडून, कुणाची मदत न घेता प्रकल्प करायचा, असं प्राचार्यांनी जाहीर केलं आणि कोणते विषय निवडायचे त्याची यादीही लगेच वाटली. पालकांनी मुलांच्या हातातून प्रकल्प काढून घेतले. कमरीपेठेत थर्माकोलची मॉडेलं करून देणारा एक माणूस होता, त्याच्या दारात हुबळीतली निम्मी प्रतिभा रांगेत उभी असायची. माझ्या मैत्रिणीची पवनचक्की तिच्याआधी तिच्या आईने पाहिली.

मी यादीबाहेरचा विषय घेतला: आमच्या दुकानातून काही न घेता जाणारी गिऱ्हाइकं. दुर्गदबैलाच्या बाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे, पणजोबांनी मिरजेकडून येऊन मांडलेलं. बारावीनंतर मला त्या दुकानात बसायचं होतं, गल्ल्यावर, अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेजारी. तसं बोलून दाखवलं की अप्पा म्हणायचे, आधी धंदा समजू दे. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ही अट नव्हती. मुलगा असल्यामुळे त्याला धंदा जन्मतःच समजला होता. आता प्रकल्पातूनच दाखवते, असं मी ठरवलं. आमच्या मॅडमनी विचारलं, यात मॉडेल कुठे आहे? तक्ता लावीन म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

आमच्याकडे पायरीशी चपला काढून, आत गादीवर बसून साड्या बघायच्या. पटलं नाही की बायका उठतात आणि ‘आमेल बर्तीवी’ म्हणतात, म्हणजे नंतर येतो. त्या नंतर कधी येत नाहीत. हे लोक नुसते बघायलाच येतात, असं अप्पांचं ठाम मत. सुट्टीच्या दिवशी मी पंख्याखाली बसायची आणि कुणी उठलं की मागोमाग रस्त्यावर जायची. बहुतेकींनी हसून टाळलं. अळणावरकडच्या एका बाईंनी मात्र हातगाडीच्या आडोशाला थांबून सांगितलं.

“तुझ्या अप्पांनी आमच्या चपला बघितल्या आणि खालच्या फळीवरचं स्वस्तातलं काढलं बघ. लेकीच्या लग्नाचं घ्यायला आलतो गं. रोकड घेऊन आलतो.”

एवढं बोलून त्या समोरच्या दुकानात शिरल्या आणि जरीची साडी घेऊन बाहेर पडल्या. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. त्यानंतर मी गिऱ्हाइकांऐवजी अप्पांवर लक्ष ठेवलं. खरोखर, त्यांची नजर आधी पायरीकडे जायची, मग माणसाकडे.

सादरीकरणाला पालकांना बोलावलं होतं. अप्पा पहिल्याच रांगेत बसले होते. मी चपलांसकट सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसले. पहिलं बक्षीस पवनचक्कीला मिळालं. ती बॅटरीवर फिरत होती, पण परीक्षकांना तिच्यात भविष्य दिसलं.

घरी येताना अप्पा माझ्या चार पावलं पुढे चालत होते. आता दुकानाची पायरीही चढू देणार नाहीत, असंच मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायरीजवळचा चपलांचा रॅक नजरेआड हलवला आणि कुणीही आलं तरी आधी वरच्या फळीवरचं काढायचं, असं गड्यांना बजावलं. लग्नसराईत विक्री वाढली. ही युक्ती आपलीच असल्यासारखी अप्पा बाजारभर सांगत सुटले. मला राग यायला हवा होता, पण खोटं कशाला सांगू, मी हरखून गेले होते.

निकाल लागला त्या संध्याकाळी पेढे घेऊन मी दुकानात गेले. अप्पांच्या ओळखीचे एक घाऊक व्यापारी चहा पीत बसले होते. अण्णा गल्ल्यावर बसून मोबाईलमध्ये क्रिकेट बघत होता, समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं. अप्पांनी मला पुढे बोलावलं आणि पहिल्यांदाच चारचौघांत म्हणाले, “हिला धंदा कळतो. थोरल्यापेक्षा जास्त कळतो.”

मी कान टवकारले. आता पुढचं वाक्य तेच, जे ऐकायला मी वर्षभर रस्त्यावर बायकांच्या मागे पळत होते.

“म्हणून तर सांगतो,” अप्पा त्या व्यापाऱ्यांना म्हणाले, “हिला दुकानदाराचंच स्थळ बघा. नोकरदाराच्या घरात असली पोरगी वाया जाईल.”