भर दुपारचं हायड्रेंजिया

पोलादपूरच्या आमच्या अंगणातल्या हायड्रेंजियाच्या झुडपानं आज दुपारी माना टाकल्या. मी भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला.

लहानपणी अशीच पाणी घेऊन धावले होते, तेव्हा आईनं माझा हात धरला. "नको गो. मुळाशी ओल हाय. ऊन उतरलं की उठंल."

त्या दिवशी, मुंबईची नोकरी सुटून परत आलेले बाबा आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. शेजारची काकू त्यांना समजवायला आली, तर आईनं तिला पायरीवरूनच परत पाठवलं. तेव्हा मला आई फार निष्ठुर वाटली होती.

त्या संध्याकाळी फुलांचे निळे गेंद पुन्हा ताठ झाले. बाबा दारात आले. "चाय हाय का गो?"

आईनं आधण केव्हाच ठेवलं होतं.