कबऱ्या जगेल तोवर

तुळशीराम गेल्याची बातमी मला एका गाडीवानानं सांगितली. बडनेऱ्याच्या स्टेशनावरून अमरावतीत सामान आणणारा हा माणूस. सकाळची वेळ, मी अंगणात तोंड धूत होतो. बैलांच्या मानेवरचं जू न उतरवताच तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, अकोल्याचे ते तुमचे दोस्त होते ना, तुळशीरामजी... पटकीनं गेले. सकाळी तरास सुरू झाला अन् दिवस बुडायच्या आत सारं आटपलं.” त्याला मी पाणी तरी विचारलं की नाही, आठवत नाही. तसाच बडनेऱ्याला गेलो आणि आगगाडीत बसलो. या आगगाडीची आम्ही दोघांनी किती वर्षं वाट पाहिली होती! ती आली की अकोल्यात घेतलेल्या आपल्या जागेचं सोनं होईल, असं तो म्हणायचा. तिच्यात मी पहिल्यांदा बसलो तो त्याच्याशिवाय आणि त्याच्यासाठी. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

आमची ओळख अकोल्यातल्या पंतोजींच्या शाळेतली. मी भिक्षुकाचा मुलगा, तो तेल्हाऱ्याकडच्या कास्तकाराचा, मामाकडे राहून शिकणारा. मला अक्षर यायचं आणि त्याला माणसं यायची. मोडी वाचण्यापुरतं शिकून तो काळ्या रानाकडे परत गेला आणि मी कायद्याच्या वाटेला लागलो; अमरावतीला बिऱ्हाड केलं ते पुष्कळ पुढे. सनद मिळायच्या कितीतरी आधीपासून तो मला ‘वकील’ म्हणायचा. कधी बाजाराला आला की दारातूनच ओरडायचा, “वकील, हाय का घरात? का कोनाचं भांडन सोडवून राहिला?” आणि घरभर हसू पसरायचं. माझी आई सोवळ्यात असली तरी आतून विचारायची, “तुळशीराम, जेवलास का रे?”

मग अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेत जाईना, आणि आमच्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या, लग्नांत तमाशे आणले. तुळशीरामनं तसलं काहीच केलं नाही. त्याचं दुःख वेगळं होतं. पार्वतावहिनींची दोन बाळं जन्मतानाच गेली होती. दोन्ही वेळा अडलेल्या बाईला गाडीत घालून शहरात आणेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून त्यानं मनाशी धरलं होतं, की अकोल्यात जागा घ्यायची, राहायला घर बांधायचं, बाजूला दोन-चार खोल्या काढून कापसाच्या व्यापाऱ्यांना भाड्यानं द्यायच्या. दवाखाना हाकेच्या अंतरावर हवा, एवढीच त्याची अट.

अशी जागा मिळाली झिंगाजी तेल्याची. गावाच्या कडेला निंबाखाली त्याचा घाणा होता आणि भोवती चांगली ऐसपैस मोकळी जमीन. म्हातारा एकटा होता. मुलगा, सून, बायको सगळी त्याच्या आधी गेली होती. उरला होता तो घाण्याचा बैल, कबऱ्या. तुळशीराम मला घेऊन गेला, कारण त्या दिवसांत जागा घेणं सोपं होतं आणि घेतलेली टिकवणं अवघड. एका भावानं विकायची आणि दुसऱ्यानं कचेरीत धाव घ्यायची, असे दावे रोज माझ्यापुढे येत होते. म्हणून मी आधी झिंगाजीच्या पुतण्याची संमती घ्यायला लावली. त्यासाठी आम्ही तेल्हाऱ्यापर्यंत गाडी जुंपली. चारी हद्दी शेजाऱ्यांना उभं करून पायांखाली घातल्या. नाल्याकडची बाजू पावसाळ्यात कुणाची, हेही विचारून घेतलं. सगळं जमलं आणि खरेदीखत लिहायला बसलो, तेव्हा म्हातारा हळूच म्हणाला, “एक गोठ हाय. कबऱ्या हाय तोवर मले घाना चालवू द्या. तो मेला का मी चाललो पुतन्याकडं.”

मी म्हटलं, “हरकत नाही. तसं खतात लिहू.”

झिंगाजीनं दोन्ही हात वर केले. “नोको बाप्पा! जित्या जिवाच्या मरनाची गोठ कागदावर नोको लिहू. तोंडानं बोला, लय झालं.”

मी तुळशीरामला बाजूला घेऊन समजावलं, की कागदावर नसलेलं कचेरीत टिकत नाही. तो म्हणाला, “मंग तर चांगलंच हाय ना. कचेरीत नाही टिकत ते मी टिकवीन.” त्यानं निंबाला हात लावून शब्द दिला. बैल म्हातारा झाला होता. आम्हा सर्वांना वाटलं, एखादा उन्हाळा, फार तर दोन...

पण कबऱ्या जगला. लोहमार्गाची मोजणी करणारे लोक साखळ्या घेऊन अकोल्याच्या रानात हिंडू लागले आणि स्टेशन आपल्याच बाजूला पडणार अशी हवा उठली. मुंबईच्या एका शेठाचा दलाल रुईच्या गाठी ठेवायला जागा शोधत आला. तुळशीरामची जागा त्याला पसंत पडली. त्यानं सांगितलेली किंमत मी त्याला पुन्हा एकदा सांगायला लावली. तेवढ्या पैशांत जठारपेठेत बांधलेलं घर आलं असतं आणि वर गावाकडे रान वाढलं असतं. दलालाची अट एकच होती, जागा मोकळी हवी. घाणा, बैल, तेली काही नको. तुळशीरामनं मला विचारलं, “कायदा काय म्हन्ते?” मी खरं तेच सांगितलं, की त्या शब्दापुरतं खत कोरं आहे, म्हाताऱ्याला उद्या उठवलंस तरी तुझ्यावर बोट ठेवता येणार नाही.  तो म्हणाला, “खत कोरं हाय वकील. मी कोरा नाही ना.”

त्या दिवशी वहिनी माझ्यासमोर पहिल्यांदा बोलल्या. एरवी त्या दाराआडून उत्तरं द्यायच्या. पदर सावरत थेट पुढे आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “माही दोन लेकरं मातीत गेली. मी घर मांगतलं, दुसरं काही मांगतलं का? त्या बैलाहून बी आमी खालच्या का?” तरी तुळशीरामनं दलालाला नाही म्हणून सांगितलं. दलाल दोन वेळा येऊन गेला, तिसऱ्यांदा आला नाही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. तिकडची लढाई संपली आणि इकडचा भाव कोसळला. चांदीच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. स्टेशन झालं ते आमच्या जागेपासून भलत्याच बाजूला. कालपर्यंत ज्या जमिनीसाठी माणसं दारात बसत होती, तिच्याकडे कुणी फिरकेना. अकोल्यातले लोक तुळशीरामला हसले. वहिनी कित्येक महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. त्यानं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. अर्धी जागा घाण्याला सोडून उरलेल्या अर्ध्यात त्यानं स्वतः माती मळून, गावाकडचं लाकूड आणून दोन खोल्या उभ्या केल्या. भाडेकरूंसाठी ठरवलेल्या खोल्यांची गोष्ट पुन्हा निघाली नाही. त्या दोन खोल्यांत वहिनींना दिवस गेले. वेळ आली तेव्हा दवाखान्यातली बाई धावत पोचली, आणि मुलगी झाली. झिंगाजीनं घाण्यावरचं ताजं तिळाचं तेल वाटीत आणून उंबऱ्यावर ठेवलं. वहिनींनी ते वाटीभर तेल उचलून घेतलं, हे मला तुळशीरामनं इतक्या आनंदानं सांगितलं होतं, की जणू दलालाचे सगळे पैसे त्या वाटीतून परत आले. ती आमची शेवटची भेट. निघताना म्हणाला, “पोरीच्या बारशाला ये वकील, काम सांगू नोको.” सुतक फिटल्यावर मी बारशाला बसलो तो बाप नसलेल्या मुलीच्या...

तेराव्यानंतर त्याचा थोरला भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. वाईट माणूस नव्हे. वाटण्या पूर्वीच झालेल्या होत्या, तेव्हा जागा तुळशीरामची स्वतःची आणि आता वहिनींच्या हाती, हे त्याला ठाऊक होतं. तो वहिनींना म्हणाला, “बाई, तू एकटी, पदरात पोर. तेल्याले उठव. सारी जागा एखाद्या व्यापाऱ्याले गाठी ठेवाले देऊ, तुमचं दोघींचं पोट भागते. वकील, सांगा ना हिले, कागदात तेल्याचं नाव हाय का?”

मी म्हटलं, “नाही.”

वहिनी मुलीला मांडीवर थोपटत होत्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता. “शब्द त्यायनं देल्ला होता, मी नाही देल्ला. मले मोडता येते, हे मले समजते भाऊजी. पन तो बी मोडला तं मंग त्यायचं माह्यापाशी काय उरते?”

भाऊ उठला. पागोटं सारखं केलं, आणि जाता जाता झिंगाजीला रामराम घालून गेला.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत होतो. उजाडलं होतं आणि घाणा अजून सुरू व्हायचा होता. वहिनी आतून भिजवलेली सरकी टोपल्यात घेऊन बाहेर आल्या. मला पाहून म्हणाल्या, “हे रोज तोंड धुवाच्या आधी त्याले चारत. मले आवडत नसे... म्हून मी झोपल्याचं सोंग घेत असो.” त्यांनी टोपलं कबऱ्यापुढे धरलं. त्यानं हुंगलं, तोंड लावलं नाही. मान वर करून तो त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहू लागला. झिंगाजी पुढे झाला, म्हणाला, “द्या इकडं बाई, माह्या हातानं खाईल.” वहिनींनी मान हलवली आणि टोपलं तसंच धरून त्या उभ्या राहिल्या. ऊन अंगणात उतरलं, आत मुलगी जागी होऊन रडू लागली. बैल दाराकडे पाहत होता, आणि वहिनी त्याच्याकडे. किती वेळ गेला कोण जाणे... मग त्यानं टोपल्यात तोंड घातलं.