काकवीवाल्या काकू

खोली दाखवायच्या आधी काकूंनी मला दारातच विचारलं, "भितेस का गं तू?"

माझी ट्रंक अजून रिक्षातच होती. कराडकडच्या खेड्यातून पनवेलला प्राथमिक शाळेत नोकरीला आले होते, आणि भाड्याच्या खोलीसाठी असला प्रश्न विचारतात हे मला ठाऊक नव्हतं. नाही म्हणावं असं वाटलं, पण खोटं बोलायचीही मला भीतीच वाटते. म्हटलं, "भिते."

"कशाला?"

"पालीला. कुकरच्या शिट्टीला. शाळेतल्या मोठ्या बाईंना. रस्ता ओलांडायला."

काकूंचा चेहरा खुलला. "ये आत," म्हणाल्या, "ट्रंक घे." भाडं किती, पाणी कधी येतं, हे सगळं नंतर. माझ्या आधीचा भाडेकरू मोठा शूर गडी होता म्हणे. उकळत्या कढईत, म्हणजे काहिलीत, पडणारा झारा झेलायला गेला आणि कोपरापर्यंत भाजून घेतलं. त्याची आठवण निघाली की काकू हात जोडत. "शूर माणसं भट्टीजवळ नकोत गं बाई. शूर माणूस आधी हात घालतो आणि मग विचार करतो."

भट्टी म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. काकू टेलिफोन एक्सचेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सुधीर नाशिकला. अशा बाईने जपमाळ घ्यावी, फार तर भिशी लावावी. काकूंनी परसात पत्र्याची शेड उभी केली होती. तिला दार म्हणून मोडीत निघालेल्या टेम्पोचं मागचं फळकं. छपराच्या मधोमध फट ठेवून वर आणखी एक टोपीएवढं छप्पर घातलेलं, वाफ निघून जायला. आत विटांची लांबट चूल आणि तिच्यावर पसरट काहील. घरामागे गाढी नदीच्या अंगाला बांधावर शिंदीची झाडं होती. थंडी पडली की त्यांची नीरा काढायची आणि आटवून आटवून तिची काकवी करायची, हा काकूंचा छंद. विकायच्या नाहीत. आळीत बाटल्या वाटायच्या. त्यामुळे अख्खी आळी त्यांना काकवीवाल्या काकू म्हणायची. माहेर जवळच्या आपटा गावचं, तिथे लहानपणी आईच्या हातची शिंदीची काकवी खाल्लेली, तीच चव त्या शोधत होत्या. मी उसाच्या मुलखातली. आमच्याकडे गुऱ्हाळं केवढाली असतात हे मी एकदा ऐकवलं, तर म्हणाल्या, "तुमची काकवी गोड असते, बस. हिला वास आहे." तांदळाच्या भाकरीबरोबर पहिल्यांदा चाखली तेव्हा मी कराडची बाजू सोडून दिली.

पहाटे लहू यायचा. डोंगराकडच्या वस्तीतला, एरवी वीटभट्टीवर मजुरी करायचा. संध्याकाळी तो आतून चुना फासलेली मडकी झाडांना बांधून जाई आणि उजाडायच्या आत उतरवी. चुना नसेल तर नीरा आंबते आणि ताडी होते, म्हणून मडकं बांधण्याआधी काकू प्रत्येकात डोकावून बघायच्या. लहू वर चढला की त्या खाली उभ्या राहायच्या, पण वर बघायच्या नाहीत. डोळे नदीकडे आणि तोंड अखंड चालू. "लहू, बोल काहीतरी. गप्प बसू नकोस."

"काय बोलू? तुमीच भिताव, मी नाय भित."

"म्हणून तर! दोघांतल्या एकाने तरी भ्यायला नको का?"

त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत हे असं चालायचं. तो उतरला की त्या जोरात उसासा टाकायच्या आणि लगेच त्याच्यावर खेकसायच्या, दोर जुना झालाय म्हणून. एकदा विषारी दारूची बोलवा उठली होती. कुठल्याशा वस्तीत माणसं मेली होती आणि पोलीस धूर दिसेल तिथे डोकावत होते. आमच्याकडेही एक हवालदार आला. नीरेचा परवाना काकूंनी फ्रेम करून देवांशेजारी टांगला होता. तो त्यांनी इतक्या घाईने ओढला की गणपतीसुद्धा खाली आला. हवालदाराने कागद वाचला, वाटीभर काकवी चाटली, बाटली मागून घेतली आणि गेला. काकू मात्र दुपारपर्यंत माजघरात पांघरूण घेऊन पडून होत्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आमच्या घरात तर दोन भित्री माणसं होती, म्हणजे राक्षसाची चंगळच.

पण भट्टीसमोर हीच बाई वेगळी दिसायची. घाबरलेलीच, पण जागी. पदर खोचलेला, केस फडक्यात बांधलेले, नजर फेसावर. फेस चढला की भेंडीच्या झाडाचा रस सोडायचा, मळी काढायची, उतू जायला लागला तर खोबरेलाचा एक थेंब. जाळ किती हवा, हे त्या डोळ्यांनी बघतच नसत. चुलीच्या तोंडासमोरची जमीन शेणाने सारवलेली होती, तिच्यावर त्या अनवाणी उभ्या राहत. तळव्यांना नुसती ऊब असली तर आणखी एक लाकूड, चटका बसायला लागला की लाकूड मागे. मी अनवाणी आले तर ओरडायच्या. "तू चप्पल घाल. तुझ्या पायाला अजून अक्कल नाही." तळव्यांच्या भरवशावर त्यांनी कधी काकवी करपू दिली नव्हती. रंग असा यायचा की बाटली उन्हात धरली तर पलीकडचं दिसावं.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात काकवी करपली.

पहिल्यांदा करपली तेव्हा काकूंनी वखारवाल्याला बोल लावला, ओली लाकडं दिली म्हणून. पुन्हा करपली तेव्हा लहूला. "चुना जास्त झाला असेल."

"चुना तेवडाच हाय काकू. रोजचाच हाय."

मग माझी पाळी आली. मी झारा नीट फिरवत नाही, माझं लक्ष नाही, माझं आता लग्नाचं वय झालंय. मी ऐकून घेतलं. पण मनात शंकेचा किडा वळवळत होता. "आज जाळच लागत नाही गं," असं म्हणत त्या लाकूड सरकवायच्या, आणि मला तर काहिलीच्या कडांवरून ज्वाळा वर आलेल्या दिसायच्या. ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांना जाळ शिकवायची माझी हिंमत नव्हती. पत्रा तापून कडकड वाजायचा, काळा कडू धूर शेडभर व्हायचा, आणि काकू गारठल्यासारख्या पाय एकमेकांवर घासत म्हणायच्या, "थंडी फार पडलीय या वर्षी." पनवेलमध्ये कसली आलीय एवढी थंडी? मी तर एका शालीवर होते.

एका सकाळी माझ्या हातातला चिमटा निसटून त्यांच्या पायाशी पडला. उचलायला वाकले आणि माझी बोटं जमिनीला टेकली. मी किंचाळून हात मागे घेतला. जमीन तव्यासारखी तापली होती. आणि तिच्यावर काकू अनवाणी उभ्या होत्या, शांत, फेसाकडे बघत.

"काय झालं गं?"

"काकू, पाय! बाजूला व्हा आधी!"

"का? गार तर आहे जमीन."

मी त्यांना ओढूनच पाटावर बसवलं आणि तळवा वर केला. अंगठ्याखाली मोठा फोड येऊन फुटला होता, तो आजचा नव्हता. कडा काळ्या पडल्या होत्या, मधे राख आणि कोळशाचा तुकडा रुतून बसलेला. वास येत होता. करपलेल्या काकवीच्या वासात तो इतके दिवस लपला होता. मी पालीला भिते, शिट्टीला भिते, पण त्या भीतीत आपण पळून जाऊ शकतो हे माहीत असतं. इथे पळणार कुठे? काकूंनी तो तुकडा नखाने उपटून काढला, आणि चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"दुखत नाही ना, मग काही नाही," त्या म्हणाल्या. मी फडकं ओलं करून राख पुसायला घेतली. मग त्यांचाच आवाज खाली आला. "दुखायला हवं होतं, नाही का गं?"

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की सुधीरला कळवायचं नाही. तो नाशिकला घेऊन जाईल, भट्टी पाडेल. मी शब्द दिला, त्यांना विश्रांती घ्यायला लावलं, आणि थेट एसटीडी बूथ गाठून सुधीरदादांना फोन लावला. शूर माणसाने शब्द पाळला असता. मी एवढी भ्यायले होते की मला तेवढं मोठेपण परवडणारं नव्हतं.

दुपारी मी काकूंना रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, साखर कधीपासून आहे? काकू म्हणाल्या, मला नाही साखर. तपासली कधी? सुईची भीती, म्हणून बाईंनी आयुष्यात कधी रक्त तपासून घेतलं नव्हतं. ज्या भीतीने त्यांना, लहूला आणि मला सांभाळलं, तिने एवढ्या एका ठिकाणी दगा दिला. साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी त्यांना तिथूनच ॲडमिट केलं. पाय मेलेले नाहीत, पण आतल्या नसा बधिर झाल्यात, आणि जखम आत किती गेलीय ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाले.

सुधीरदादा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मला बघून त्यांनी मान डोलावली आणि आईसमोर स्टूल ओढून बसले. बोलायचं घोकून आले असावेत, कारण घसा खाकरला. पण काकूंनी त्यांना तोंड उघडू दिलं नाही.

"भट्टी मोडून टाक," त्या म्हणाल्या. "पत्रे लहूला दे, त्याच्या घराला होतील. काहील कुणाला देऊ नकोस, वितळवून टाक."

"आई, तसं नाही, आपण नंतर बघू..."

"नंतर काय बघायचं? माझे पाय मला खोटं सांगतात आता. उद्या ही पोरगी भाजली असती म्हणजे?"

दादांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी खिडकीकडे वळले. भट्टी अशी निकालात निघाली, पाच मिनिटांत, रडारड न होता. मी तिथे नुसती बाजूला उभी होते आणि माझंच काहीतरी कुणी मोडतंय असं मला वाटत होतं. उरला होता तो पाय.

जखम साफ करायची वेळ आली तेव्हा डॉक्टर दादांना, लहूला आणि मला बाजूला घेऊन बोलले. भूल न देता मेलेलं मांस कापत जायचं. जिथे ताजं रक्त लागेल आणि बाई ओरडेल, तिथे थांबायचं. तसं झालं तर दोन बोटं जातील, पाऊल राहील. नाही झालं तर वर जावं लागेल. वर म्हणजे कुठे, हे दादांनी विचारलं नाही आणि मीही नाही. आत एकाच माणसाला सोडतो म्हणाले. काकूंनी माझं मनगट धरलं.

त्यांना पाय दिसू नये म्हणून मधे चादर बांधली होती. मला दिसत होतं. डॉक्टरांची कात्री चालू झाली. काकू माझ्याशी बोलत होत्या, एक्सचेंजमधल्या गोष्टी, रात्रपाळीला कोण झोपायचं, कुणाचे ट्रंककॉल चोरून कोण ऐकायचं. कात्री आत जात होती आणि त्या हसत होत्या. ट्रेमध्ये काळं काहीतरी पडत होतं. मी हुं हुं करत होते आणि मनात म्हणत होते, दुखू दे. देवा, दुखू दे हिला. माणसाने दुसऱ्या माणसासाठी असलं मागणं मागावं, याचीही मला भीती वाटत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली, नाही अशी. कात्री आणखी आत गेली. काकू कुणा साहेबाची नक्कल करायला लागल्या.

नक्कल मधेच तुटली.

"आई गं!"

आवाज असा फुटला की बाहेरच्या बाकावरचा लहू दारापर्यंत धावत आला. काकूंनी माझं मनगट इतकं आवळलं की पुढे चार दिवस तिथे त्यांची बोटं उठलेली होती. चादरीपलीकडे लाल रक्त आलं होतं, भरपूर, चकचकीत. "बस," डॉक्टर म्हणाले, "बस, इथे जिवंत आहे." आणि त्यांनी कपाळ दंडाला पुसलं.

"वरडली ना?" लहू दाराच्या फटीतून विचारत होता. "काकू वरडली ना? मंग पाय हाय!"

पुढे महिन्याभराने काकू नाशिकला गेल्या, काठी टेकत, पण स्वतःच्या दोन्ही पावलांवर. मी त्यानंतर त्यांना एकदाच भेटले, आणि मग त्या गेल्याचा फोन आला. त्यांची आठवण निघाली की मला भट्टी दिसत नाही, दवाखान्यातलं ते टेबल दिसतं. डोळ्यांतून पाणी वाहतंय, ओठ चावून रक्ताळलेत, आणि काकू लग्न ठरल्याची बातमी सांगावी तशा तोंडाने मला पुन्हा पुन्हा सांगताहेत, "दुखतंय गं. अगं, किती दुखतंय."