पाटावरचं मागणं

दाजी काल साताऱ्यात वारले.

एके काळी मला या माणसाची भयंकर भीती वाटायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सांगलीजवळ माधवनगरला राहायचो. आबांच्या मिलमधलं काम कमी झालेलं. आठवड्यातले निम्मे दिवस ते घरीच.

त्या वर्षी ताईचा पहिला दिवाळसण होता. ताई, दाजी आणि दाजींचे चुलते, अशी तिघं आली. दाजींना वडील नव्हते. त्यांच्या घरात शब्द चालायचा तो चुलत्यांचा.

आल्या आल्या ताईनं आईला स्वयंपाकघरात ओढलं.

"स्कूटर मागणार आहेत. काकांनी यांना सांगून ठेवलंय."

"मग जावई काय म्हणाले?"

"नुसती मान हलवली."

"व्हय म्हणून?"

"कळलं नाही गं मला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळसणाला जावई पाटावर रुसून बसतो. मागितलेलं मिळेपर्यंत ताटाला हात लावत नाही. बाकीच्यांकडे ही गंमत असते.

आमच्याकडे आईनं हातातल्या पाटल्या काढून फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. त्याही पुरणार नाहीत, हे तिला आणि आबांना माहीत होतं.

संध्याकाळी चुलते ओसरीवर सुपारी कातरत हसले. "मागणं पुरं झालं न्हाई तर पोरगी ऱ्हाऊ दे हितंच. तुमास्नी बी सोबत हुईल."

ताई दाराआड उभी होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

आणि दाजी? दाजी त्या दिवशी माझ्याबरोबर सांगलीत फिरत होते!

साताऱ्यात ते रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करायचे. वायर, बटण, सर्किट दिसलं की पाय तिथंच रुतायचे. सांगलीतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात ब्रिक गेम होता. तळहाताएवढा, करड्या स्क्रीनचा, वरून ठोकळे पडणारा. दुकानदारानं "बघा की खेळून" म्हटलं आणि दाजी गेलेच त्यात. मी दोनदा हाक मारली. ऐकूच आली नाही.

घरात आई रडतेय आणि हा माणूस ठोकळे लावतोय.

मला इतका राग आला होता की परत येताना मी त्यांच्यापासून चार हात लांब चालले.

पाडव्याला दुपारी पाट मांडले. रांगोळी, उदबत्ती, पुरणपोळी. ताईनं ओवाळलं.

आबांनी हात जोडले. "जावईबापू, मागा."

दाजी ताटाकडे बघत बसले.

चुलत्यांनी कोपर मारलं. "बोल की रं."

"आबा," दाजी म्हणाले, "तो कालचा ब्रिक गेम द्या."



"चेष्टा करू नका, जावईबापू," आबा म्हणाले.

"चेष्टा न्हाई. मेव्हणीनं बघितलाय काल. इचारा तिला."

"अरं खुळ्या!" चुलते तांबडेलाल. "खेळणं मागतोस व्हय? न्हाई न्हाई, हे धरायचं न्हाई. पुन्हा माग."

तेव्हा आई बोलली. पाहुण्यांसमोर कधी दारापुढे न येणारी माझी आई.

"पाटावरचं मागणं एकदाच असतं, पाव्हणं."

चुलते तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "बरं. आणा मग. मिळालं न्हाई तर दुसरं मागणं आमचं."

आबांनी सायकल काढली. दुकान मला माहीत, म्हणून मी मागे कॅरिअरवर. माधवनगर ते सांगली आबा एकदाही थांबले नाहीत. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुकानाचं शटर खाली.

आबांनी दोन्ही हातांनी ते बडवलं. वरच्या मजल्यावरून दुकानदार पूजेच्या सोवळ्यातच डोकावला. "अवो, पाडवा हाय आज!"

"जावई उपाशी बसलाय," आबा म्हणाले. बस, एवढंच.

तो खाली आला.

"नवीन सगळे गेले दिवाळीत. कपाटातला तेवढा हाय. खोका न्हाई."

आबांनी तो तसाच खिशात घातला.

घरी ताटं तशीच होती. दाजी पाटावरून उठले नव्हते. चुलत्यांनी गेम हातात घेतला, बटणं दाबली. काही नाही. स्क्रीन कोरा.

"बंद हाय की हो," ते हसले. "बोला आता."

दाजींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मागचं झाकण सरकवलं, एक सेल काढला, उलटा करून बसवला. बटण दाबलं.

टिंटिंटिंऽ करून त्याची चिरकी ट्यून वाजली.

दाजींनी गेम मांडीवर ठेवला आणि पोळीचा पहिला घास तोडला.

त्या एका मागण्याची किंमत दाजींनी पुढे खूप वर्षं भरली. साताऱ्यात त्यांचं नाव पडलं, 'ब्रिक गेमवाला जावई'. पुढच्या दिवाळीत चुलत्यांचा निरोप आला, सून माहेरी पाठवणार नाही. दाजी तिला घेऊन एसटीनं आलेच. त्यावरून घर तुटलं. एका खोलीत त्यांनी संसार मांडला. कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल, बाकी सगळं त्याच्या भोवती.

मोठी झाल्यावर मी विचारलं होतं, "दाजी, तुम्ही मुद्दाम मागितला ना तो गेम?"

"छ्या! मला स्कूटर कुठं येती चालवायला? पडलो असतो की."

"खरं सांगा."

"खरंच आवडला होता गं."

कुठलं खरं, ते मला अजून माहीत नाही. दोन्ही असेल.

काल सगळे गेल्यावर ताई माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली,

"भांडलो आम्ही लय. पण माहेरी जा, असं हा माणूस मला एकदाही म्हणाला नाही."

दाजी, आमची ताई तुमच्या घरात निर्धास्त राहिली.

तुम्हाला माधवनगरच्या सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.