गोठ्यातून गेलेली शीव

"जमीन पाहिजे ना तुला? मग खा."

पाटलानं मातीचं ढेकूळ पायानंच बाच्या पुढ्यात लोटलं. अंगणाच्या कडेला, जिथवर आम्हाला यायची मुभा होती तिथं, बा हात जोडून उभा होता. म्हातारा माणूस. नुकताच जोहार घातलेला. त्यानं मान वर करून बघितलं, पाटील थट्टा करतोय का म्हणून. थट्टा नव्हती. पाटलाच्या भावानं बाच्या मानेवर काठी ठेवली आणि दाबली. हात नाही लावला. हात लावला तर विटाळ होतो ना त्यांना! मारायला काठी चालते.

बानं माती खाल्ली. माझ्या डोळ्यांदेखत. दात नव्हते तोंडात, हिरड्यांनी चावली आणि गिळली. ओसरीवर बसलेली टाळकी फिदीफिदी हसली. मी मागं उभी. माझे हात खाणीत दगड फोडून फोडून घट्टे पडलेले, आणि त्या हातांनी मी नुसता पदर धरून उभी होते. आज आठवलं की अंगाची आग होते.

काय गुन्हा होता बाचा? खोपट टाकायला चार हात जागा विकत घ्यायला निघालो होतो आम्ही. बस्स. एवढाच.

आम्ही महार. महारवाड्यात राहत होतो, पण तिथलं खोपट आमचं नव्हतं, पाटलाच्या मर्जीचं होतं. मर्जी फिरली की मोडलं. माझा नवरा घाटातल्या बोगद्याच्या कामावर दरडीखाली गेला, तेव्हा मी पोटुशी होते. माहेरी, बाकडं आले. मी बाळंत झाले त्याच दिवसांत पाटलाचा बैल मेला. बा तापानं फणफणलेला, मेलेलं ढोर ओढायला जाऊ शकला नाही. पाटलाची माणसं आली आणि छपराचे वासे उपसून नेले. थंडीचे दिवस. मी ओली बाळंतीण, वर उघडं आभाळ. पोर गारठून गेली. तिचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी ठरवलं. ज्याचे वासे कुणी उपसणार नाही असं खोपट पाहिजे. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर.

ठाकुर्लीजवळच्या खाणीत मी आगगाडीच्या रुळांखालची खडी फोडायची. रोकडा मजुरी. पाटलाच्या ओंजळभर दाण्यांची मेहेरबानी नाही त्यात. सुट्टीच्या दिवशी जागा बघत हिंडायची. नौपाड्याला एका वाडीवाल्यानं लांबूनच हाकललं, "महारीण शेजारी आली तर माझी वाडी कोण घेईल?" मोहन्याच्या अंगाला एकजण जागा दाखवतो म्हणून मला करवंदीच्या जाळीमागं घेऊन गेला. माझ्या दातांचे वण त्याच्या मनगटावर अजून असतील. विटाळ तेव्हा कुठं गेला होता, कुणाला ठाऊक!

शेवटी आमच्याच गावाच्या शिवेवर एक आगरी म्हातारा भेटला. जन्मभर मिठागरात राबलेला, पायांना मिठानं चिरा पडलेल्या, मागं मूल ना बाळ. त्याचा माळावर वरकस जमिनीचा तुकडा होता. खडकाळ. भात पिकत नाही, नाचणी कशीबशी येते. तो म्हणाला, "बाय, दगडांशिवाय कायच नाय यान. तुला चालल तं घे."

दगडांना मी काय भिणार? माझं पोटच दगडांवर.

आणि मग पाटलाला जाग आली. तो तुकडा माझ्या शिवेत येतो, म्हणाला. मोजणीचे दगड पुरात वाहून गेले, म्हणाला. पुरात वाहून गेले म्हणे! रातोरात पहारीनं उपटलेले दगड होते ते. सगळ्या गावाला ठाऊक, पण बोलणार कोण? बळी तो कान पिळी.

कल्याणहून कचेरीचा कारकून आला. त्याला उन्हाची आणि जेवणाची घाई. पाटीलच म्हणाला, आपल्या गावचा जुना रिवाज आहे, महार शीव चालेल. हा रिवाज असा: शिवेचा तंटा पडला की महारानं शिवेच्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि शिवेवरून चालत जायचं. तो चालेल ती शीव. खोटा चालला तर त्याचा निर्वंश. त्याला वाटेत अडवलं तर अडवणाऱ्याचा. ढेकूळ डोक्यावरून पडलं तर सगळं फुकट. पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरानं गावाची शीव चाललेली. सगळ्यांच्या जमिनी कुठं सुरू होतात, कुठं संपतात ते आमच्या पायांनी ठरायचं. आणि आम्हाला मात्र मुडदा पुरायची जागाही मागून घ्यावी लागायची.

पाटलानं बाला अंगणात बोलावून सांगितलं, माझ्या चिंचेकडून वळसा घालून चाल. म्हणजे म्हाताऱ्याचा तुकडा पाटलाच्या शिवेत. म्हणजे आम्ही विकत घ्यायला निघालेली जमीन बानं आपल्याच पायांनी पाटलाच्या घशात घालायची. बा म्हणाला, "मायबाप, खोटी शीव चालायला नका सांगू." त्यावर ती माती. मातीनंतर भावाच्या काठीचे टोले, गुडघ्यावर. गुडघा फुटल्याचा आवाज मी ऐकला. खाणीत काम करते मी, काय कधी फुटलं ते मला आवाजावरून कळतं.

"आता ही चालेल," पाटील माझ्याकडं बघून म्हणाला. "त्याच घरातली आहे. नीट चाललीस तर महारवाड्यातलं खोपट ठेवतो तुझं."

बाला पाठीवर घेऊन, पुन्हा शाकारलेल्या त्याच खोपटात आणलं. गुडघ्याला पाला बांधला. तो माझा हात धरून म्हणाला, "पोरी, तो म्हणंल तसं चाल. जगायचंय आपल्याला."

मला बाचा राग आला. फार राग आला. पाटलाचा येत होता त्याहून जास्त. ह्या माणसानं मला लहानपणी खांद्यावर बसवून शीव दाखवलेली. मुलगा नव्हता त्याला, म्हणून मला दाखवलेली. चिंच डाव्या हाताला ठेवायची, नाकासमोर जायचं, ओढ्यातला धोंडा येईपर्यंत थांबायचं नाही. आणि आता हाच सांगतोय वळसा घाल! मी म्हटलं, "असलंच जगायचं असेल तर माझी पोर मेली ते बरं झालं." बानं तोंड भिंतीकडं वळवलं.

सकाळी सगळा गाव जमला. बायका लांबून. कारकून छत्री धरून, नाकाला उपरण्याचा शेव लावून. त्यांनी ढेकूळ जमिनीवर ठेवलं, वरून हळदकुंकू टाकलं, आणि बाजूला सरले. मी ते उचलून डोक्यावर घेतलं. ओलं होतं. पाणी कपाळावरून डोळ्यात येत होतं.

पाटील म्हणाला, "चिंचेकडून वळ गं."

मी चालायला लागले. चिंच आली. मी ती डाव्या हाताला टाकली आणि सरळ गेले.

मागं कुजबूज झाली. पाटील ओरडला, "ए, इकडून!" मी सरळ. पुढं काय होतं? पाटलाचा नवा गोठा. आगऱ्याच्या तुकड्याच्याही पलीकडं, खऱ्या शिवेवरच पाय ठेवून बांधलेला. कुंपणानंच शेत खाल्लेलं! दार उघडं होतं. मी आत शिरले.

महारीण पाटलाच्या गोठ्यात. जनावरं बुजली, दावी ताणली. पाटलीण धारेला बसलेली. ती चरवी तशीच टाकून भिंतीला चिकटली. "अगं बया, बाहेर हो! बाहेर हो!" दूध शेणात सांडलं. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मागून पाटलाचा भाऊ रिकाम्या हातानं धावत आला, दारात थबकला. मला अडवायचं तर हात लावायला पाहिजे. कोण लावणार? वर निर्वंशाची धास्ती. पहिल्यांदाच त्यांचा विटाळ माझ्या कामी आला. मनात म्हटलं, लाव ना रे हात. लावून बघ एकदा.

मागच्या दारानं मी बाहेर पडले आणि ढेकूळ पाडायला पाटलाच्या माणसांचे दगड यायला लागले. पहिला खांद्यावर. दुसरा कानावर. कानात सूं झालं. एक कपाळावर बसला आणि उजवा डोळा रक्तानं भरला. दोन्ही हातांनी ढेकूळ धरलेलं, डोळा पुसायची सोय नाही. पडलं असतं तर सगळं संपलं असतं. मी पडू दिलं नाही. दात चावून चालले, मोठ्यानं शिव्या देत चालले. ज्या शिव्या पाटलाच्या भावाच्या तोंडून ऐकल्या होत्या त्याच, सगळ्या, त्याच्या सात पिढ्यांना. ओढ्यातला धोंडा आला. ढेकूळ त्याच्यावर ठेवलं आणि मग खाली बसले.

आगरी म्हातारा काठी आपटत नाचायला लागला, "बगा रं! बगा! शीव हिकरून हाय!"

कारकुनानं पाटलाकडं बघितलं. पाटलानंच रिवाज मागितलेला, सगळ्या गावासमोर. आता नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? "रिवाज झाला. शीव ठरली," कारकून म्हणाला आणि बैलगाडीत बसून जेवायच्या आधीच निघून गेला.

कुणाला वाटेल गोष्ट इथं संपली. कसली संपते!

जमीन घेतली. कारवीचा कूड केला, वर पेंढा टाकला. बाला पाठीवर घालून आणलं. बा त्या खोपटात टेकून बसायचा आणि भुईवरून हात फिरवत राहायचा. मग एक दिवस भरदुपारी, मी खाणीवरून येत होते, तेव्हा लांबूनच धूर दिसला. पाटलाचा भाऊ आणि आणखी दोघं. लपूनछपून नाही, उजेडात, सगळ्यांसमोर. बा आत होता. गुडघ्यामुळं त्याला उठता येत नव्हतं.

मी आत घुसले, त्याला ओढून बाहेर काढलं. केस जळले माझे. बाहेर पाटलाचा भाऊ काठी घेऊन उभा, हसत. माझ्या कमरेला दगड फोडायची सुतकी होती. तो काठी उगारायच्या आत मी त्याच्या मनगटावर घाव घातला, जसा फत्तरावर घालते तसा, पुरत्या ताकदीनं. त्याचा हात तिथून लोंबायला लागला. तो गुरासारखा ओरडला. बाकीचे दोघं पळाले, त्याला टाकून पळाले.

बा संध्याकाळपर्यंत जगला. छातीत धूर भरलेला. फौजदार आला, जाळणाऱ्यांना काही विचारलं नाही, मलाच चावडीपुढं उन्हात बसवलं. जमादारानं वेताचे फटके मारले. मी मोजले नाहीत. सोडल्यावर सरळ माळावर आले, राख बाजूला केली आणि बाला तिथंच पुरला. कुणाला विचारलं नाही.

परवा माझ्या नव्या खोपटापाशी गावातले दोघं शेतकरी आले होते, बांधावरून भांडलेले. लांब उभे राहून म्हणाले, तूच आता शीव चालणारी, चल, ढेकूळ घे, तुझं बलुतं देऊ. मी सांगितलं, तुमच्या शिवा तुम्ही चाला. तुमची ढोरंही तुम्हीच ओढा. माझ्या घरानं पुष्कळ पाय झिजवले, आता एक पाऊल नाही. ते म्हणाले, मग गावात कशी राहशील? मी म्हटलं, गावात नाही राहत मी, माझ्या जमिनीवर राहते.

पाटील निरोप धाडतो, पुन्हा जाळीन म्हणून. जाळू दे. कारवी डोंगरावर रगड आहे, मी पुन्हा कूड बांधीन. पण ह्या खेपेला जो कुणी पेटतं कोलीत घेऊन येईल, त्यानं घरातून निघताना आपल्या बायकापोरांचा नीट निरोप घेऊन निघावं.