फरशीखालचं पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाणी टँकरनं यायचं. लोह्याहून मी नवी सून म्हणून आले त्या उन्हाळ्यात दुपार पांढरीफटक व्हायची, रस्ते तरंगल्यासारखे दिसायचे. घरात सासूबाई, आम्ही दोघं, थोरले दीर आणि थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे.

एका दुपारी अक्का फरशीला कान लावून पडली होती.

"इकडं ये. खाली पाणी वाहायलंय. ऐकू येतं का?"

मीही कान लावला. फरशी गार होती. क्षणभर मलाही काहीतरी खळखळल्यासारखं वाटलं.

पुढं तिला जेवायचं भान राहीना, झोप लागेना. पाणी तिला नावानं हाक मारायचं. सासूबाईंनी विळी लपवून ठेवली. वेडी बाई काय करते हे आम्हा सगळ्यांना सिनेमानं शिकवलं होतं. केस मोकळे सोडते, खदाखदा हसते, कुणाचा तरी गळा धरते. मग तिला खाटेला बांधून विजेचे झटके देतात. त्या भीतीनं डॉक्टरचं नाव कुणी काढेना.

जीव रमेल म्हणून मी तिला मॅटिनीला नेलं, तर नेमकी त्यात नायिकेची बहीण वेडी झाली. थिएटरभर हशा पिकला. अक्का टक लावून बघत होती. बाहेर उन्हात आल्यावर तिनं विचारलं, "मी अशी दिसते का गं?"

"न्हाई, अक्का."

"मग मला झालंय ते दुसरंच काहीतरी हाय. डॉक्टरला दाखवू."

सासूबाई रडायला लागल्या. "शॉक देतील गं तुला!"

"देऊ द्या. झोप तरी लागंल."

दीर आम्हा दोघींना बसनं नांदेडला घेऊन गेले. डॉक्टरांच्या खोलीत टेबलफॅन होता, वजनकाटा होता. अक्कानं पडद्यामागं डोकावून पाहिलं, तिथं नुसतं हात धुवायचं बेसिन. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, मग पाण्याचं. "काय म्हणतं ते?" हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती बोलत राहिली, पंखा फिरत राहिला.

गोळ्यांनी तिचे हात थरथरायचे, तोंड कोरडं पडायचं. पाणी मात्र हळूहळू लांब गेलं. एकदा भाकरी थापताना म्हणाली, "लई शांत झालंय. कधी कधी करमत न्हाई."

आजार अधूनमधून परतायचा, तशी ती नांदेडला जाऊन यायची. काही वर्षांनी शेजारणीची लेक एकटीच बडबडायला लागली आणि तिची आई दार लावून बसली. अक्का दार ढकलून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का त्या मायलेकींना घेऊन बसस्टँडवर नांदेडच्या गाडीत होती. खिडकीची जागा तिनं त्या पोरीला दिली.