रिकाम्या हुकाची चाल

क्रेनकाकांची प्रोस्टेटची ग्रंथी आक्रोडाएवढी असायला हवी होती, ती मोसंबीएवढी झाली होती.

"साधारणपणे," सर्जन म्हणाले, "या वयात ती वाढतेच. तुमची साधारणपणे जरा जास्तच वाढलीय." 'साधारणपणे' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडात लवंगेसारखा असायचा. वाक्य कुठलंही असो, तो या गालातून त्या गालात फिरायचाच.

काका एकोणऐंशी वर्षांचे, वजन एक्कावन्न किलो. चार महिने लघवीची नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी. दोनदा नळी काढून पाहिली, दोन्ही वेळा लघवी तुंबून नाकी नऊ आले आणि नळी मुकाट्यानं परत आत गेली. काकूंनी पिशवीला फुलाफुलांचं कापडी कव्हर शिवलं होतं. काका तिला 'आमचं मांजर' म्हणत. म्हणत हसून, पण बंदराजवळच्या कट्ट्यावर जुन्या दोस्तांत जाऊन बसणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मांजर घेऊन कोण जातं कट्ट्यावर?

"ग्रंथी एवढी मोठी की खालून खरवडून भागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "रोबोनं करू."

"म्हणजे तो यंत्रमाणूस आपल्या मनानं कापणार?" काकूंनी पर्स छातीशी धरली.

"नाही हो काकू! तो साधारणपणे काहीच मनानं करत नाही. पोटावर पाच-सहा बारीक भोकं, त्यांतून त्याचे हात आत. मी पलीकडे कोपऱ्यात बसतो, पडद्यात डोळे घालून. माझी बोटं हलतील तसे ते हात हलतात."

काका खुर्चीत पुढे सरकले. अडतीस वर्षं ते बंदरावरची क्रेन चालवत होते. दहा मजले उंच काचेची केबिन, दोन हातांत दोन लिव्हर आणि खाली पेट्या, गाठोडी, एकदा तर अख्खी रेल्वेची इंजिनं.

"म्हणजे तुम्ही केबिनमध्ये आणि माल खाली!"

"माल?"

"म्हणजे मी हो. बरं, वजन हाताला लागतं का?"

"नाही. किती ओढलं गेलं ते डोळ्यांनीच ओळखायचं."

"अगं, ऐकलंस? सेम!" काकांनी काकूंच्या दंडाला चिमटा काढला. "दोर किती ताणलाय ते आम्हीपण डोळ्यांनीच बघायचो. आणि हात थरथरला तर?"

"थरथर यंत्र गाळून टाकतं."

"हे आमच्यात नव्हतं," काका जरा जळून म्हणाले.

पण मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ऑपरेशनला तीन तास डोकं खाली, पाय वर असं झोपवतात. त्यात छाती आणि हृदय दमतं. तरुण माणूस सोसतो, पण अशक्त म्हातारा ऑपरेशनमधून उठतो आणि अंथरुणातून उठत नाही, असंही होतं. म्हणून आधी ताकदीची चाचणी. पास झालात तर ऑपरेशन, नाहीतर पिशवी कायमची.

काका मनात म्हणाले, चाचणी तर चाचणी. मी क्रेनची परीक्षा दिलीय.

चाचणी घेणारी फिजिओथेरपिस्ट पंचविशीची होती आणि सगळं 'आपण'मध्ये बोलायची. "आपण या खुर्चीत बसूया हं. मी सुरू म्हटलं की आपण उठूया, त्या पिवळ्या पट्टीपर्यंत चालूया, वळूया, परत येऊन बसूया. आपल्या नेहमीच्या चालीनं. सोपंय ना आपल्याला?"

"तुम्हीपण येणार का बरोबर?" काकांनी विचारलं.

ती खळखळून हसली आणि तिनं घड्याळ दाबलं. "सुरू!"

काका वीतभर उठले आणि थांबले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग पूर्ण उभे राहिले, परत थांबले. मग पाऊल उचललं, ते असं की जणू डोक्यावर काचेचं कपाट आहे. पिवळ्या पट्टीशी आल्यावर थबकले, पूर्ण स्थिर झाले, मग अर्धगोल वळले. खुर्चीत बसताना तर वरून अंडं ठेवावं तसे अलगद टेकले.

"एकतीस सेकंद," ती हळूच म्हणाली. या वेळी 'आपण' नव्हतं. "वीसच्या आत हवं होतं, काका."

मग पंजाची ताकद. एक लोखंडी दांडा दिला आणि म्हणाली, "आपण जोरात दाबूया." काकांनी तो दोन बोटं आणि अंगठ्यात असा धरला, की पाखरू असतं तर तेही घाबरलं नसतं. काटा जागचा हलला न हलला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कागद सर्जनकडे गेला. "साधारणपणे," ते म्हणाले आणि पुढचं सगळं काकांना त्या एका शब्दातच कळलं.

घरी आल्यावर काकांनी जेवायला नको म्हटलं. काकू भांडी घासता घासता बोलत होत्या, म्हणजे नेहमीसारख्या स्वतःशी पण यांना ऐकू जाईल अशा. "वीतभर उठायचं काय, थांबायचं काय! ती पोरगी घड्याळ धरून उभी आणि हे आपले चहूकडे बघतायत. कोण येणार होतं? सासरा?"

"अगं, उचलताना तसंच करतात," काका म्हणाले. "माल आधी वीतभर उचलायचा, थांबायचं, दोर नीट बसलाय का, खाली कोणी उभं नाही ना ते बघायचं. मगच वर."

काकूंचा हात ताटात थांबला. "अहो, पण माल कुठे होता?"

काकांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आणि लिव्हर तुम्ही कधी आवळून धरलाय?"

"आवळला की झटका बसतो. दोन बोटं पुरतात."

"झालं तर! बिचारीनं माणसाची परीक्षा घेतली आणि दिली क्रेननं. रिकाम्या हुकानं चालून दाखवा बघू."

काकांना हे पटलं, पण अर्धंच. इथे त्यांच्यातला चौकस माणूस जागा झाला. सवय किती आणि म्हातारपण किती, हे वेगळं करून बघायलाच हवं होतं. स्वयंपाकघराच्या दारापासून तीन मीटर मोजून खडूची रेघ मारली. काकूंनी मोबाइलवर सेकंद लावले. काका हुकाला काहीच नाही असं मनाशी म्हणत उठले आणि सुटले.

"एकोणीस!"

"म्हणजे पास!"

"कसलं पास? धापा बघा. भिंत धरलीत वळताना, मी बघितलं."

दोघं जमिनीवरच्या रेघेकडे बघत राहिली. म्हणजे सवय बारा सेकंदांची होती, उरलेलं म्हातारपण होतं आणि ते काही थोडं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? दुसऱ्या दिवशी काकांनी फिजिओथेरपिस्टला दोन्ही आकडे सांगितले. ती आधी पोट धरून हसली, मग डोळे पुसून गंभीर झाली. "मग आपण खरी कमाई करूया. सहा आठवडे."

सहा आठवडे काका खुर्चीतून हात न टेकता उठायचे आणि बसायचे. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. रोज दोन अंडी. फुगे फुगवायचे, छाती मोकळी व्हावी म्हणून. घरभर इतके फुगे झाले, की दूधवाल्यानं विचारलं, "बारसं कुणाचं?" काकू म्हणाल्या, "यांचंच."

दुसऱ्या चाचणीत काका चौदा सेकंदांत परतले आणि दांडा असा दाबला की फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "आपण तो परत देऊया." हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिला, भूल देणाऱ्या बाईंनी धोका आहे हे स्पष्ट सांगून होकार दिला. सर्जनसुद्धा हो म्हणाले.

"माझा एक प्रश्न राहिला," काका म्हणाले. "तुम्ही केबिनमध्ये, डोळे पडद्यात. मग माझ्याजवळ कोण? आमच्याकडे खाली सिग्नलवाला असायचा. त्यानं हात वर केला की थांबायचं, मग वर साहेब बसलेला असो की साहेबाचा बाप."

"माझा साहाय्यक असतो. आणि या सिस्टर." डॉक्टरांनी दाराशी उभ्या असलेल्या जाड चष्म्याच्या बाईंकडे हात केला.

"त्या थांबा म्हणाल्या तर?"

"थांबतो."

"लगेच?"

"लगेच." साधारणपणे नाही.

"ऐकतात हो," सिस्टर म्हणाल्या. "आधी नाही ऐकायचे. आता ऐकतात."

काकांनी सिस्टरना जवळ बोलावलं, नीट बघून घेतलं आणि सही केली.

ऑपरेशन सव्वातीन तास चाललं. पहिली रात्र काका काहीबाही बरळले, कुठल्याशा बोटीला मागे घ्या म्हणाले, आणि काकूंचा जीव टांगणीला लागला. सकाळी मात्र त्यांनी काकूंना ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलले, "रोबो मला दाखवलाच नाही गं, आधीच झोपवलं."

आठवड्यानं नळी काढायला परत आले. आता हीच खरी कसोटी. गेल्या दोन वेळी इथेच घोडं अडलं होतं. काका मापाचं भांडं घेऊन संडासात गेले. काकूंनी दाराला कान लावला. शेजारच्या खाटेवरचा पेशंटही कोपरावर उठून बसला, कारण वॉर्डात खासगी असं काही नसतंच.

पाच मिनिटं शांतता.

"अहो?"

"थांब गं."

"नळ सोडू का?"

"तू बोलणं सोड."

मग आधी ठिबक आणि मग सलग, न तुटता, भरभरून आवाज. काकूंनी पदर तोंडाला लावला. शेजारचा पेशंट म्हणाला, "वा!"

सिस्टरनी भांडं उजेडात धरलं. "दोनशे दहा. छान. थोडे दिवस अधूनमधून गळेल, घाबरायचं नाही. अजून दोनदा अशीच झाली की मशीननं बघू, आत काही उरत नाही ना. मग घरी."

काका खाटेवर बसले. जवळजवळ सहा महिने ते पिशवीच्या भीतीनं घोट-घोट पाणी पीत होते. त्यांनी टेबलावरचा ग्लास घटाघटा रिकामा केला आणि काकूंपुढे धरला.

"भर," ते म्हणाले. "काठोकाठ."